लक्ष्मीबाई टिळक : विटाळापासून कृपेकडे

या घटकात आपण लक्ष्मीबाई टिळक यांच्या चरित्राचा अभ्यास करणार आहोत. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रामुळे मराठी वाचकांना त्या परिचित आहेतच. त्या ग्रंथाची भाषा, त्यातील विनोद आणि त्यातील पती-पत्नींचे नाते यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे मात्र आपला प्रश्न वेगळा आहे. पाप, कृपा आणि नवे जीवन या ख्रिस्ती धर्मविचारातील तीन मूलभूत कल्पना. सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेल्या एका मराठी स्त्रीच्या आयुष्यात त्या कशा उतरल्या, हे आपणांस पाहावयाचे आहे.

हे चरित्र आपल्या परिसरातले आहे, हेही ध्यानात असू द्यावे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतील पाळी संपवून संपर्कसत्राला येणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरापासून जलालपूर काही किलोमीटरांवरच आहे. नाशिकच्या पश्चिमेस, गोदावरीच्या काठी असलेल्या या गावी 1868 मध्ये गोखले घराण्यात लक्ष्मीबाईंचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका.

नानांचे सोवळे

लक्ष्मीबाईंच्या वडिलांना घरात नाना म्हणत. 1857 च्या उठावाच्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना, फाशी झाली. या आघाताने नानांच्या मनावर जो परिणाम झाला, त्याने सोवळ्याचे रूप घेतले. सोवळे त्या काळच्या बहुतेक ब्राह्मण घरांत होते, पण नानांच्या घरी ते आजाराच्या पायरीला पोहोचले. बाजारातून येणारी प्रत्येक वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. मीठ आणि साखरही त्यातून सुटत नसत. पाण्यात विरघळून जाणारी वस्तू धुवावयाची म्हणजे काय, हे ज्या गृहिणीला करावे लागत होते तिलाच ठाऊक. 'स्मृतिचित्रां'त ही हकिगत विनोदाने आली आहे. तो विनोद वाचताना त्या घरातील बायकामुलांची होरपळ नजरेआड होऊ देऊ नये.

लहान वयात लक्ष्मीबाईंना अशुद्धतेची जी पहिली ओळख झाली ती ही. अशुद्धता बाहेरून येते. ती वस्तूला, वस्त्राला, माणसाला चिकटते. पाण्याने ती जाते आणि पुढच्या स्पर्शाबरोबर परत येते. या कल्पनेला आपल्या भाषेत 'विटाळ' हा नेमका शब्द आहे. विटाळ झालेल्या माणसाने काही वाईट केलेले असते असे नाही. आजारी माणसाला तो होतो, बाळंतिणीला होतो, आणि काही जातींच्या माथी तर तो जन्मापासूनच मारलेला असतो. याउलट 'पाप' या शब्दात कर्ता गृहीत असतो. पाप कोणीतरी करावे लागते. परंतु व्यवहारात या दोन शब्दांची सरमिसळ होते. विटाळ पाळला नाही तर ते पाप ठरते, आणि पाप धुण्यासाठी विटाळाप्रमाणेच नदीकडे जावे लागते. नाशिककरांना यासाठी अधिक दाखले देण्याची गरज नाही.

ही मांडणी म्हणजे संपूर्ण हिंदू परंपरा नव्हे, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. विटाळाच्या कल्पनेला सर्वांत खडा प्रश्न विचारणारी कवयित्री संत सोयराबाई ही वारकरी परंपरेतलीच. मात्र जलालपूरच्या त्या घरात सोयराबाईंचा प्रश्न पोहोचलेला नव्हता.

विवाह आणि ताटातूट

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास मनकर्णिकेचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि ती लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म 1861 मधला, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आईच्या मृत्यूनंतर घर सोडून ते नाशिकला आले होते. बुद्धी तल्लख, कवित्व उपजत, स्वभाव उदार आणि तितकाच भडक. न सांगता घरातून निघून जाणे ही त्यांची सवयच होती. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते. अक्षरओळख झाली ती या विक्षिप्त पतीच्या नादाने, आणि तीही अडखळत.

नागपुरास असताना टिळक वैदिक वाङ्मयाच्या कामात गुंतले होते. पुढे रेल्वेच्या एका प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' वाचावयास दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पत्नीला त्यांनी या निर्णयात सहभागी करून घेतले नव्हते. टिळकांच्या थोरवीपुढे ही गोष्ट पुष्कळदा ओझरती सांगितली जाते. माझ्या मते ती तशी सांगू नये. त्या काळच्या समजुतीप्रमाणे जातिबाह्य झालेला नवरा समाजाच्या लेखी मेल्यातच जमा. लक्ष्मीबाई सधवा असूनही विधवेसारख्या झाल्या. पदरात दत्तू हा लहान मुलगा होता. आप्तांच्या आधाराने, काही काळ पंढरपूरला, अशी सुमारे साडेचार-पाच वर्षे त्यांनी काढली. त्यांची पहिली कविता या ताटातुटीच्या काळातली आहे. नवऱ्यावरचा राग होता, ओढही होती. कृपेविषयी आपण पुढे बोलू तेव्हा ही वर्षे विसरू नयेत. एकाला लाभलेल्या नव्या जीवनाची किंमत दुसऱ्याला, त्याला न विचारता, मोजावी लागली होती.

बाप्तिस्म्याआधीचे परिवर्तन

अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरला पतीकडे गेल्या, पण ख्रिस्ती होण्यासाठी गेल्या नाहीत. त्यांनी वेगळी राहण्याची व्यवस्था मागून घेतली. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी ते मान्य केले. येथे टिळकांच्या बाजूनेही एक बदल दिसतो. ज्या माणसाने पूर्वी पत्नीला न विचारता सारे घर उधळले होते, तो आता तिच्या सोवळ्याची काळजी घेत होता आणि तिच्यावर धर्मांतराची सक्ती करीत नव्हता.

या काळात लक्ष्मीबाईंच्या मनात जो विचार घोळत होता तो ख्रिस्ताच्या देवत्वाचा नव्हता. तो जातीचा होता. जाती देवाने निर्माण केल्या की माणसांनी? हा प्रश्न त्यांनी कोणा पंडिताला किंवा पाद्र्याला विचारला नाही. स्वतःशीच विचार करता करता त्यांना एके दिवशी उत्तर मिळाले, की हे भेद माणसांनी केलेले आहेत. उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर झाला.

हा क्रम महत्त्वाचा आहे. धर्मांतराच्या कथा बहुधा उलट क्रमाने सांगितल्या जातात. आधी पापाची जाणीव, मग पश्चात्ताप, मग विश्वास, मग बाप्तिस्मा, आणि त्यानंतर वागणुकीत बदल. संत ऑगस्टीनच्या आत्मकथनापासून या प्रकाराला एक साचा मिळाला. मराठीत बाबा पदमनजींच्या 'अरुणोदय'मध्ये शोध, शंका आणि स्वीकार असा तो दिसतो. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला असला तरी ख्रिस्त मिळालेला नाही, अशी जाणीव त्यांना पुढे काही वर्षांनी झाली. 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी कृपेचा खरा अनुभव त्या नंतरच्या टप्प्यावर ठेवला आहे. रमाबाईंच्या बाबतीत बाप्तिस्मा आधी आणि परिवर्तन नंतर. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत परिवर्तन आधी आणि बाप्तिस्मा नंतर. दोघींच्या आयुष्यांत विधी आणि नवे जीवन एकाच दिवशी आलेले नाहीत.

शब्दांकडे थोडे वळून

भाषेच्या अभ्यासकांनी येथे क्षणभर थांबावे. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनी नवे शब्द फारसे घडविले नाहीत. बहुतेक कल्पनांसाठी चालते शब्द उचलले, आणि प्रत्येक शब्द आपले जुने सामान घेऊन आला. 'पश्चात्ताप' हा शब्द पाहा. मूळ ग्रीक शब्दाचा रोख मन पालटणे, दिशा बदलणे यावर आहे. मराठी शब्दात मागाहून होणारा ताप, म्हणजे जळणे आहे. मन पालटलेला माणूस पुढे पाहतो, जळणारा माणूस मागे. 'तारण' हा शब्द तर आज आपल्याला पतसंस्थेच्या अर्जावर भेटतो. कर्जासाठी वस्तू तारण ठेवणे आणि आत्म्याचे तारण होणे, यांतला विनोद शिकवताना मला कधीच टाळता आलेला नाही.

'कृपा' हा शब्द मात्र वेगळा. तो वारकरी परंपरेने शतकानुशतके घासूनपुसून ठेवला होता. आपल्या पात्रतेने मिळत नाही आणि विकतही घेता येत नाही, असे देवाचे देणे हा अर्थ मराठी कानांना परका नव्हता. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची स्वतःची धारणा होती, ती यामुळेच. संत पौलाच्या पत्रांतील कृपेच्या कल्पनेत आणखी एक धार आहे. माणसाच्या पापाचे मूळ त्याच्या सुट्या कृत्यांत नसून देवापासून वळलेल्या त्याच्या मनात आहे. म्हणून कर्मांची बेरीज कितीही केली तरी हिशेब मिटत नाही, आणि कृपेवाचून गत्यंतर उरत नाही.

आता नानांच्या विहिरीकडे परत या. विटाळ बाहेरून येत असेल, तर धुणे कधीच संपत नाही, कारण जग सतत स्पर्श करीतच राहते. पाप आतले असेल, तर मीठ धुऊन काहीच साधत नाही. सोवळ्याचे स्नान रोज करावे लागते. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, कारण तो धुण्याची सवय लावण्यासाठी नसतो. लक्ष्मीबाईंनी हे अशा तात्त्विक भाषेत कोठेही मांडलेले नाही. पण सोवळ्याची भीती गळून पडल्यावर त्यांचे हात ज्या कामांना लागले, ती कामे पाहिली म्हणजे फरक दिसतो.

नवे जीवन

नगरच्या मुक्कामात टिळकांच्या घरी अनाथ आणि निराधार मुलांचा राबता असे. दुष्काळाने उघड्यावर टाकलेली मुले, शिकण्यासाठी आलेली मुले, कोणाची कोण याचा पत्ता नसलेली मुले. टिळक माणसे घरी आणीत आणि त्यांच्या जेवणाची चिंता लक्ष्मीबाईंवर सोपवीत. जिच्या माहेरी धुतल्याशिवाय साखर घरात येत नव्हती, ती आता जात न विचारता मुलांना न्हाऊ-माखू घालीत होती. नगरला प्लेगची साथ आली तेव्हा रोग्यांच्या शुश्रूषेतही त्या होत्या. बालकवी ठोमरे हेही याच घरात काही काळ राहिले.

हे सर्व करताना लक्ष्मीबाई संत झाल्या, असे समजू नये. टिळकांशी त्यांचे भांडण होई, रुसवा होई, पैशाच्या ओढाताणीत त्या वैतागत. नवे जीवन म्हणजे जुन्या स्वभावाचा निचरा, असे 'स्मृतिचित्रे' वाचताना कोठेही वाटत नाही. राग राहिला, विनोद राहिला, जलालपूरची बोली राहिली. गेली ती स्पर्शाची भीती.

9 मे 1919 रोजी टिळकांचे निधन झाले. त्यांच्या मागे 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र अपुरे पडून होते; त्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. फादर स्टीफन्स यांच्या 1616 मधील 'ख्रिस्तपुराणा'नंतर मराठी ओवीत येशूची कथा सांगण्याचा हा मोठा प्रयत्न होता. जिला पतीने अक्षरे गिरवायला लावली, त्या पत्नीने पुढे चौसष्ट अध्यायांची भर घातली. पतीने एकट्याने, तिला न विचारता धरलेली वाट अखेर तिने स्वतःच्या शब्दांत चालून पुरी केली. यापेक्षा मोठा क्षमेचा पुरावा मला तरी त्यांच्या आयुष्यात सापडत नाही. ऑगस्टीनच्या किंवा रमाबाईंच्या अर्थाने त्यांनी पापकबुली लिहिली नाही, आणि नवऱ्याच्या अपराधांचा जमाखर्चही मांडला नाही.

टिळकांच्या पश्चात काही वर्षे त्या मुलाबरोबर कराचीस होत्या. नंतर नाशिकला परतल्या. टिळकांचे चरित्र लिहिण्यासाठी मुलगा देवदत्त यांना आठवणी हव्या होत्या. त्या लिहिता लिहिता त्यांचे स्वतःचेच पुस्तक झाले. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचा अंत झाला. चौथा भाग त्यांच्या मृत्यूनंतर निघाला, आणि 'ख्रिस्तायना'चा शेवटचा अध्याय देवदत्तांनी लिहिला.

*स्वयं-अध्ययन :* 'स्मृतिचित्रां'तील नानांच्या सोवळ्याचे प्रसंग आणि लक्ष्मीबाईंनी जातिभेद सोडल्याचा प्रसंग एकापाठोपाठ वाचा. दोन्ही ठिकाणी पाण्याचा उल्लेख कसा येतो, ते आपल्या शब्दांत लिहा.