ॲपलचा मॅकिंटॉश सुरू करणाऱ्या या गड्याचा ‘आर यू शुअर?’वर विश्वासच नव्हता

फोटो डिलीट करताना स्क्रीनवर एक चौकट येते. नक्की डिलीट करायचा का? ही चौकट तुम्ही शेवटची नीट कधी वाचली होती? अंगठा आपोआप ‘यस’वर जातो, आणि मग कळतं, अरे, उडवायचा होता तो फोटो वेगळाच!

यात दोष तुमचा नाही, चौकटीचा आहे, असं ठामपणे मांडणारा माणूस म्हणजे जेफ रास्किन.

१९४३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला रास्किन कम्प्युटर सायन्स शिकला, पण संगीत आणि कलेतही तितकाच रमायचा. १९७८ मध्ये तो ॲपलमध्ये आला आणि मॅन्युअल लिहिण्याचं काम बघू लागला. माणसं मशीनसमोर कुठे अडखळतात, हे कळायला याहून चांगली जागा नसावी. १९७९ मध्ये त्याने सामान्य माणसासाठी स्वस्त कम्प्युटरचा प्रोजेक्ट सुरू केला आणि आवडत्या सफरचंदावरून त्याला नाव दिलं, मॅकिंटॉश. पुढे स्टीव्ह जॉब्सने प्रोजेक्ट ताब्यात घेतला, खटके उडाले, आणि १९८२ मध्ये रास्किन बाहेर पडला. १९८४ चा मॅक त्याच्या डोक्यातल्या मशीनपेक्षा बराच वेगळा निघाला.

त्याच्या मनासारखं मशीन आलं १९८७ मध्ये, कॅनन कॅट. त्याच्या कीबोर्डवर ‘अनडू’साठी स्वतंत्र बटण होतं. मशीन चाललं मात्र नाही, लवकरच बंद पडलं.

पण बटण कशासाठी?

सॉफ्टवेअरमधली चौकट प्रोग्रामला एवढंच कळवते, माणसाने ‘यस’ दाबलं की ‘नो’. प्रोग्राम समजतो, माणसाने विचार करून उत्तर दिलं. रास्किनने २००० साली ‘द ह्युमेन इंटरफेस’ या पुस्तकात या समजुतीलाच हात घातला. रोज तीच चौकट आली की ‘डिलीट’ आणि ‘यस’ या दोन कृती उरतच नाहीत. क्लच दाबून गिअर टाकावा, तशी एकच सवय होते. मग चौकट दर वेळी बदलली तर? तर माणसाचं सगळं लक्ष ते कोडं सोडवण्यात जातं आणि काय उडवतोय हेच विसरतो. त्याचा उपाय सरळ होता. विचारू नका, सांगितलेलं करा, पण ते नंतरही परत फिरवता आलं पाहिजे.

२००५ मध्ये कर्करोगाने तो गेला. जीमेलवर मेल पाठवल्यावर काही सेकंद दिसणारं ‘अनडू’ किंवा व्हॉट्सॲपवर चुकून ‘डिलीट फॉर मी’ केलेला मेसेज परत आणायची सोय, हे सगळं त्यानंतरचं.

आणखी एक गोष्ट. तुम्ही रील्स किंवा फीड खाली सरकवत राहता आणि ते संपतच नाही, ती ‘इन्फिनाइट स्क्रोल’ची कल्पना २००६ मध्ये मांडणारा एझा रास्किन हा जेफचाच मुलगा. पुढचं पान बघायचंय का, हे ती विचारतच नाही. त्याबद्दल एझाने पुढे जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला आहे.