तीन सेकंदांची चूक मरेपर्यंत लपवणारा खगोलशास्त्रज्ञ : पिएर मेशँ

कापड मीटरवर मोजलं जातं, सातबारावर जमीन हेक्टर-आरमध्ये लिहिली जाते. या सगळ्याच्या मुळाशी आहे मीटर. पण हा मीटर ठरवताना एका शहराच्या अक्षांशाचा हिशोब काही जुळेना, आणि त्या चिंतेने एका मोठ्या शास्त्रज्ञाचं आयुष्य पोखरलं. त्यांचं नाव पिएर मेशँ.

मेशँ यांचा जन्म १७४४ साली उत्तर फ्रान्समधल्या लाँ गावचा. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षण अर्धवट राहिलं. पण खगोलशास्त्रज्ञ लालांद यांनी त्यांची हुशारी हेरली आणि नौदलाच्या नकाशा विभागात त्यांना काम मिळालं. पुढे त्यांनी अनेक धूमकेतू शोधले. १७८५ पासून ते फ्रान्सच्या अधिकृत खगोलीय पंचांगाचे संपादक होते. ठिकाणांचे अक्षांश-रेखांश बघायला लोक हेच पंचांग उघडत. थोडक्यात, अचूक आकडा ही मेशँ यांची ओळख होती.

१७९२ मध्ये मीटरसाठी मोजणी सुरू झाली. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, असं ठरलं होतं. त्यासाठी डंकर्क ते बार्सिलोना हा पट्टा मोजायचा होता. उत्तरेकडचा भाग दलांब्र यांच्याकडे, दक्षिणेकडचा मेशँ यांच्याकडे.

मेशँ यांनी बार्सिलोनाच्या मॉन्जुइक किल्ल्यावरून ताऱ्यांचे वेध घेऊन अक्षांश काढले. तेवढ्यात फ्रान्स आणि स्पेनमध्ये युद्ध पेटलं. मेशँ एका अपघातात जबर जखमी झाले, शहरात अडकले आणि किल्लाही बंद झाला. तेव्हा त्यांनी शहरातल्या एका खाणावळीतून पुन्हा वेध घेतले. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर मोजलेलं होतं, त्यामुळे आकडे एकमेकांशी जुळायला हवे होते. पण सुमारे ३ सेकंदांचा फरक आला. अक्षांशाचा १ सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण ३१ मीटर. म्हणजे शहर जवळपास १०० मीटर सरकलं!

मेशँ यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. खाणावळीतले वेध त्यांनी बाजूला ठेवले, वहीतल्या काही नोंदीही बदलल्या. १७९९ मध्ये प्लॅटिनमची मीटरपट्टी तयार झाली. मेशँ यांचा सत्कार झाला, पॅरिस वेधशाळेची जबाबदारीही मिळाली. मनातली टोचणी मात्र गेली नाही. १८०३ मध्ये ते पुन्हा स्पेनला गेले. मोजणी बॅलेरिक बेटांपर्यंत नेली, तर बार्सिलोनाच्या आकड्यावर भिस्त राहणार नव्हती. पण सप्टेंबर १८०४ मध्ये तिथेच तापाने त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्या वह्या दलांब्र यांच्या हाती आल्या आणि फरक उघड झाला. दलांब्र यांनी मूळ वह्या वेधशाळेत जपून ठेवल्या.

पुढे कळलं, की मेशँ यांचा हात चुकला नव्हता. एकच वेध शंभरदा घेतला, तर उत्तर शंभरदा सारखं येऊ शकतं. पण उपकरणातच खोट असेल तर ते सारखं उत्तरही चुकीचंच असतं. हा भेद तेव्हा नीट उमगलेला नव्हता. ठरलेल्या व्याख्येपेक्षा ती मीटरपट्टी सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड निघाली, पण त्याचंही मुख्य कारण पृथ्वीचा आकार अंदाजापेक्षा वेडावाकडा असणं हे होतं. ज्या चुकीपायी मेशँ झुरले, तिचा त्यात वाटा किरकोळच होता.