हादऱ्यांचा हिशेब

सुख आणि वेग यांचे वैर आहे, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. कष्टकऱ्याच्या सोयीसाठी केलेला खर्च हा उत्पादनातील तोटा होय, असे मानणारे हिशेबनीस हीच समजूत उराशी बाळगून असतात. ती किती फोल आहे, हे एका पशुवैद्याने नकळत दाखवून दिले.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म १८४० साली स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते आयर्लंडमधील बेलफास्ट येथे स्थायिक झाले. त्या काळी सायकलींना भरीव रबराचे टायर असत. मुलाच्या तीनचाकीला बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून १८८७ साली त्यांनी रबरी नळीत हवा भरून ती लाकडी चकतीभोवती कापडाने बसविली. ही चकती आणि तीनचाकीचे भरीव टायरचे चाक त्यांनी अंगणात घरंगळत सोडून पाहिले, तेव्हा चकती कितीतरी दूर गेली. हेतू सुखाचा होता; हाती वेगही आला!

कारण उघड आहे. भरीव टायर प्रत्येक खड्यावर स्वारासकट सायकल उचलतो आणि त्यात स्वाराचे श्रम वाया जातात. हवेचा टायर तो खडा पोटात घेतो. चाक रस्ता सोडीत नाही, म्हणून वळणावर पकडही टिकते. मात्र हवा बेताचीच हवी. ती कमी पडली तर टायर दबून चाक जड चालते; फाजील झाली तर तो भरीव टायरसारखाच उसळू लागतो. खडबडीत रस्त्यावर रुंद टायर अरुंद व टणक टायरपेक्षा पुष्कळदा सरस ठरतो, तो यामुळेच.

१८८८ साली डनलॉप यांना पेटंट मिळाले आणि १८८९ साली बेलफास्टच्या शर्यतींत विली ह्यूम या टायरांवर विजयी झाले. परंतु रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी ही कल्पना १८४५ सालीच नोंदविली होती, हे उजेडात येऊन डनलॉप यांचे पेटंट रद्दबातल ठरले. त्यांच्या टायरवर उभी राहिलेली कंपनी १८९६ साली तीस लाख पौंडांना विकली गेली, तेव्हा ते तिच्यातून बाहेर पडलेले होते. १९२१ साली डब्लिन येथे ते निवर्तले.

संपत्तीचा मोठा वाटा इतरांकडे गेला. धडा मात्र सर्वांसाठी उरला. माणसाला बसणारे हादरे हाही खर्चच असतो. तो जमेस न धरणारा हिशेब काटकसरीचा नव्हे, तो केवळ अपुरा होय.