अ‍ॅडा लव्हलेस

लंडन शहरी १० डिसेंबर १८१५ रोजी अ‍ॅडाचा जन्म झाला. सुप्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन हे तिचे वडील. परंतु पितृसुख तिच्या नशिबी नव्हते. ती अवघी महिन्याची असताना आईवडील विभक्त झाले आणि पुढे वडिलांचे दर्शनही तिला घडले नाही. वडिलांचा लहरी स्वभाव मुलीत उतरू नये, म्हणून आईने तिला लहानपणापासून गणित शिकवले. १८२९ साली गोवराच्या आजारात तिचे पाय लुळे पडले. पुढे ती कुबड्यांच्या आधाराने चालू लागली. पण अभ्यास तिने सोडला नाही.

१८३३ साली गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्याशी तिचा परिचय झाला. त्यांच्या आकडेमोडीच्या यंत्राचा तयार झालेला भाग पाहून ती थक्क झाली. पुढे बॅबेज यांनी आणखी मोठ्या यंत्राची योजना आखली. त्यात गणित करणारी ‘गिरणी’ आणि संख्या साठवणारे ‘कोठार’ असे दोन भाग होते. छिद्रे पाडलेली कार्डे यंत्रास आज्ञा देणार होती.

१८३५ साली अ‍ॅडाचा विवाह झाला. संसार सांभाळून तिने या यंत्रावरील एका फ्रेंच लेखाचे भाषांतर केले. ते १८४३ साली प्रसिद्ध झाले. त्याला जोडलेल्या तिच्या सात टिपा मूळ लेखाच्या सुमारे तिप्पट होत्या!

शेवटच्या टिपेत तिने ‘बर्नोली संख्या’ काढण्याची रीत मांडली. यांतील पुढची संख्या काढण्यास मागच्या सर्व संख्या लागतात. मग प्रत्येकीसाठी निराळ्या आज्ञा लिहाव्यात काय? तसे करण्याचे कारण नव्हते. त्याच कृतींची आवर्तने करावीत आणि प्रत्येक उत्तर कोठारातील स्वतंत्र स्तंभात ठेवावे, अशी ही रीत होती. पहिली तीन उत्तरे २१, २२ व २३ क्रमांकांच्या स्तंभांत, तर चौथे २४व्या स्तंभात. सर्वांना एकच स्तंभ दिला असता, तर नवे उत्तर येताच जुने पुसले जाऊन पुढचे गणितच अडले असते.

बॅबेज यांचे ते यंत्र कधीच पूर्ण झाले नाही. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी, वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी, अ‍ॅडा कर्करोगाने निवर्तली. तिच्या इच्छेप्रमाणे तिला वडिलांच्या शेजारी चिरविश्रांती देण्यात आली.

शंभर वर्षांनी संगणक आले. आज एकाच आज्ञेच्या आवर्तनांतून ते हजारो वस्तूंच्या नोंदी घडवतात आणि प्रत्येक नोंद तिच्या स्वतंत्र जागी ठेवतात. एका संगणकभाषेला तर अ‍ॅडाचेच नाव दिले आहे. जे यंत्र तिला पाहावयास मिळाले नाही, त्याच्यासाठी तिने केलेले श्रम असे सार्थकी लागले.