रग्बीचे डॉ. आर्नोल्ड

शिक्षकाचा अधिकार व शिक्षकाची माया ह्या दोन गोष्टी एकत्र नांदूं शकतात कीं नाहीं, हा प्रश्न फार जुना आहे. नुसत्या धाकानें वर्ग शांत बसतो, पण मुलांचीं मनें मिटून जातात. नुसत्या लाडानें मुलें जवळ येतात, पण शिस्त पळ काढते. ह्या प्रश्नाचें उत्तर आपल्या आचरणानें देऊं पाहणारे एक हेडमास्तर इंग्लंडांत होऊन गेले. त्यांचें चरित्र विद्यार्थी व पालक या उभयतांस सारखेंच उद्बोधक आहे.

थॉमस आर्नोल्ड यांचा जन्म ता. १३ जून १७९५ रोजीं आइल ऑफ वाइट ह्या बेटावर झाला. विंचेस्टरच्या शाळेंत व नंतर ऑक्सफर्ड येथें त्यांचें शिक्षण झालें. १८१९ सालीं थेम्स नदीकाठच्या लेलहॅम नांवाच्या खेड्यांत ते राहावयास गेले, व विद्यापीठांत जाऊं इच्छिणाऱ्या थोड्या तरुणांस आपल्यापाशीं ठेवून शिकवूं लागले. तेथील नऊ वर्षें ही त्यांची खरी उमेदवारी होय. अभ्यास संपला कीं ते शिष्यांबरोबर नदींत पोहत, लांबवर फिरावयास जात, खेळांत भाग घेत. परंतु अभ्यासाच्या वेळीं आळस त्यांस मुळींच खपत नसे.

येथेंच एकदां एका मंदबुद्धि विद्यार्थ्यावर ते रागावून बोलले. त्या मुलानें मान वर करून विचारलें कीं, आपण होईल तितका प्रयत्न करीत असतां गुरुजींनीं रागें कां भरावें? हे शब्द आर्नोल्ड यांच्या जिव्हारीं लागले. पुढें कित्येक वर्षांनीं ते ही हकीकत आपल्या मुलांस सांगत. बुद्धीनें मागें, पण कष्टांत पुढें अशा विद्यार्थ्याविषयीं त्यांस जन्मभर विशेष आदर वाटे.

१८२८ च्या ऑगस्टांत ते रग्बी येथील शाळेचे हेडमास्तर झाले. त्या काळीं तिकडील मोठमोठ्या निवासी शाळांतून दांडगाई, मद्यपान व दुबळ्यांचा छळ यांचा सुळसुळाट होता. शिक्षक आणि विद्यार्थी हे जणूं दोन वैरी पक्ष. १७९७ सालीं तर ह्याच रग्बींत मुलांनीं हेडमास्तरांविरुद्ध बंड केलें होतें व तें मोडण्यास शिपाई आणावे लागले होते.

सर्वांत वरच्या वर्गांतील मुलांनीं धाकट्यांवर देखरेख ठेवावी, ही तेथील जुनीच वहिवाट होती. आर्नोल्ड यांनीं त्या मुलांस केवळ हस्तक न समजतां आपले सहकारी मानिलें. त्यांचा वर्ग ते स्वतः शिकवीत. व्याख्यान न झोडतां प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. एखादी गोष्ट स्वतःस ठाऊक नसल्यास तसें मोकळेपणानें सांगत. ह्यांपैकीं कांहीं मुलांस ते जेवावयास बोलावीत, सुट्टींत डोंगराळ मुलखांतल्या आपल्या घरीं नेत. मोठा मुलगा कांहीं सांगूं लागला व त्यास पुरावा जोडूं लागला, तर ते त्यास थांबवीत. त्याचा शब्द त्यांस पुरे होई. परिणाम असा झाला कीं, जे हेडमास्तर आपला शब्द खरा मानतात त्यांस फसविणें लाजिरवाणें आहे, असें मुलेंच एकमेकांस सांगूं लागलीं. छडीला जें साधलें नव्हतें तें विश्वासानें साधलें.

तथापि छडी त्यांनीं टाकली नव्हती. धाकट्या मुलांचें खोटें बोलणें, मद्यपान व सततचा आळस यांस ते फटक्यांची शिक्षा देत. ज्याच्या राहण्यानें इतरांचें नुकसान होई, अशा मुलास शाळेंतून काढून टाकण्यास ते कचरत नसत. त्यांचा स्वभावही तापट होता. १८३२ सालीं अभ्यासासंबंधानें खोटें बोलल्याचा ठपका ठेवून त्यांनीं एका मुलास अठरा फटके मारले. मागाहून कळलें कीं, मुलगा खरेंच बोलला होता. तेव्हां आर्नोल्ड यांनीं त्या मुलाची आणि सबंध शाळेपुढें उघडपणें क्षमा मागितली. वृत्तपत्रांनीं त्यांस धारेवर धरलें, व तें योग्यच होतें; फटके परत घेतां येत नाहींत. परंतु क्षमा मागितल्यानें त्यांचा अधिकार रतिभरही कमी झाला नाहीं. सत्याचा जो नियम मुलांस, तोच आपणांसही लागू आहे, हें त्या दिवशीं शाळेनें पाहिलें.

त्यांच्या पद्धतींत उणीवा नव्हत्या असें नाहीं. त्यांचा स्नेह वरच्या वर्गास जितका लाभला, तितका लहान मुलांस लाभला नाहीं. त्यांतील पुष्कळांस ते दुरून दिसणारे व भीतिदायकच वाटत. मोठ्या मुलांच्या हातीं दिलेल्या सत्तेचा दुरुपयोगही कधीं कधीं होई. ह्या दोषांवर पुढील काळांतील लेखकांनीं कडक टीका केली आहे.

ता. १२ जून १८४२ रोजीं, सत्तेचाळिसावा वाढदिवस एका दिवसावर आला असतां, हृदयविकारानें ते अकस्मात् वारले. रग्बीच्या प्रार्थनामंदिरांतच त्यांस मूठमाती देण्यांत आली. दोन वर्षांनीं, १८४४ सालीं, स्टॅन्ली ह्या त्यांच्या विद्यार्थ्यानेंच त्यांचें सविस्तर चरित्र प्रसिद्ध केलें. १८५७ सालीं टॉमस ह्यूज ह्या दुसऱ्या विद्यार्थ्यानें आपल्या कादंबरींत त्यांचें चित्र रेखाटलें. कवि मॅथ्यू आर्नोल्ड हे त्यांचे चिरंजीव. विल्यम नांवाचे दुसरे चिरंजीव आपल्या देशांत पंजाबच्या शिक्षणखात्याचे डायरेक्टर होते.

विद्यार्थिमित्रहो, शिक्षकांनीं आपल्यावर विश्वास टाकावा असें आपणां सर्वांस वाटतें. पण टाकलेला विश्वास ही एक ठेव आहे, व ती सांभाळण्याचें काम आपलें आहे. आणि पालकहो, चुकलों असें लेंकरापुढें म्हटल्यानें वडीलकीला उणेपणा येतो, असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं रग्बीच्या ह्या तापट पण सत्यनिष्ठ गुरूची गोष्ट अवश्य आठवावी.