ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल, १८९२ – ३१ ऑगस्ट, १९७३) या मराठी बालशिक्षणतज्ज्ञ व महाराष्ट्रातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत्या. मॉन्टेसरी पद्धतीला भारतीय, विशेषतः ग्रामीण व आदिवासी, परिस्थितीत रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

जीवन

ताराबाईंचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. सुधारकी घराचा हा वारसा घेऊन १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या एका वकिलांशी झालेला त्यांचा विवाह टिकला नाही व १९२१ मध्ये दोघे विभक्त झाले. त्या काळात एकट्या स्त्रीने पुढील वाट स्वतः आखणे किती कठीण होते, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या पुढील निर्णयाचे मोल कळत नाही. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करू लागल्या.

दक्षिणामूर्तीचे बालमंदिर १९२० पासून चालू होते. तेथे भीती व शिक्षा यांना स्थान नव्हते. उभयतांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. संघाच्या 'शिक्षणपत्रिका' या मासिकाच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंकडे होते. पुढे मुंबईत परतून १९३६ मध्ये त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केला. बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणाची सोयही तेथे झाली.

बोर्डी व कोसबाड

शिशुविहार नावारूपास आला, तरी तेथे येणारी मुले मुख्यतः मध्यमवर्गीय होती. महागडी साधने लागणारे हे शिक्षण गरिबाच्या मुलाला कसे मिळणार, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. त्याचा शोध घेण्यासाठी १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. तेथेच त्यांना अनुताई वाघ यांच्यासारखी सहकारी लाभली.

बालवाडी काढली, परंतु दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकत ना. मग शिक्षिका त्यांच्या वस्तीत जाऊन अंगणातच वर्ग भरवू लागल्या. 'अंगणवाडी' ती हीच. शिकविण्याआधी मुलांना नाहू घालणे, नखे कापणे व खाऊ देणे हाही तेथील अभ्यासक्रमाचाच भाग होता. विकत आणलेल्या साधनांची जागा शंखशिंपले, बिया, खडे व पाने यांनी घेतली. रंग, आकार आणि संख्या यांची ओळख त्यांवरूनही तितकीच चांगली होते, हे येथे सिद्ध झाले. पद्धतीचा गाभा राखून केवळ तिचा खर्च उतरविणे, हे ताराबाईंच्या कार्यातील सर्वांत मौलिक अंग मानावे लागेल.

१९५७ मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाड टेकडीवर, वारली वस्तीत नेण्यात आले. दिवसभर गुरे राखणारी मुले शाळेत येणे शक्यच नव्हते. त्यांच्यासाठी गुरांमागोमाग कुरणातच शाळा गेली. ती 'कुरणशाळा' म्हणून ओळखली जाते. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी 'विकासवाडी' हाही कोसबाडचाच प्रयोग. धाकटे भावंड पाळणाघरात ठेवता आल्याने त्याला सांभाळणाऱ्या थोरल्या मुलीचीही शाळा सुटत नसे.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर कोसबाडचे काम अनुताईंनी अखेरपर्यंत (१९९२) चालविले. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले.