रक्तगटांचे जनक : डॉ. कार्ल लँडस्टायनर

लग्न जुळवताना हल्ली पत्रिकेबरोबर रक्तगटही विचारतात. गोष्ट चांगली आहे. पण त्यामागचे शास्त्र ठाऊक नसले की नसती भीती मनात बसते. वधूवरांचा गट एकच निघाला म्हणून जमत आलेले स्थळ मोडल्याचे मी आपल्याच आळीत पाहिले आहे. म्हणूनच, ज्या थोर संशोधकाने हे गट शोधून काढले त्यांचे चरित्र भगिनींपुढे ठेवावे असे मला वाटले.

कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियात, व्हिएन्नाच्या परिसरात झाला. वडील नावाजलेले पत्रकार होते. पण कार्ल सहा वर्षांचे असतानाच ते वारले. आई फॅनी हिने मुलाला वाढवले, शिकवले. १८९१ साली ते डॉक्टर झाले. आईवर त्यांची अपार भक्ती होती. ती गेल्यावर तिच्या चेहऱ्याचा घेतलेला साचा त्यांनी जन्मभर आपल्या खोलीच्या भिंतीवर ठेवला.

त्या काळी एकाचे रक्त दुसऱ्याला दिले तर कधी रोगी वाचे, कधी तडकाफडकी दगावे. असे का होते, हे कोणालाच उमगत नव्हते. लँडस्टायनर यांनी स्वतःचे व सहकाऱ्यांचे रक्त घेऊन एकमेकांत मिसळून पाहिले. काही मिश्रणांत रक्ताच्या गुठळ्या होत, काहींत होत नसत. त्यावरून १९०१ साली त्यांनी रक्ताचे तीन गट जाहीर केले. चौथा, एबी गट, त्यांच्या शिष्यांनी पुढच्याच वर्षी शोधला.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात अन्नाची व इंधनाची टंचाई झाली. १९१९ साली पत्नी हेलेन व लहान मुलासह ते हॉलंडला गेले आणि एका छोट्या रुग्णालयात साध्या तपासण्या करून संसार चालवू लागले. तेथून त्यांना न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत बोलावणे आले. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, तरी प्रयोगशाळा काही सुटली नाही. निवृत्तीनंतर, १९४० साली, त्यांनी डॉ. अलेक्झांडर वीनर यांच्यासह रक्तातील आरएच हा घटक जाहीर केला. त्यांचे पूर्वीचे सहायक डॉ. फिलिप लेव्हिन यांनी याच घटकाचा संबंध अर्भकांच्या मृत्यूशी जोडून दाखवला.

तो संबंध असा. आई आरएच निगेटिव्ह व वडील पॉझिटिव्ह असले, तर मूल पॉझिटिव्ह होऊ शकते. बाळंतपणात मुलाचे थोडे रक्त आईच्या अंगात जाते. आईचे शरीर त्याला परके समजून त्याविरुद्ध द्रव्ये तयार करते. पहिले मूल बहुधा सुखरूप असते. पण पुढच्या गर्भाच्या रक्तपेशी ही द्रव्ये फोडतात. बाळ पांढुरके पडते, त्याला तीव्र कावीळ होते, कधी ते पोटातच जाते.

माझ्या आजोळी एक काकू होत्या. थोरला मुलगा धडधाकट; त्यामागची तिन्ही बाळे पिवळी पडून गेली. त्यांना कोणी हळदीकुंकवाला बोलावीत नसे. कारण हेच होते की दुसरे, ते आता कळायचे नाही. पण अशा किती मातांनी रक्तातल्या एका घटकापायी आयुष्यभर दोष सोसला असेल!

२६ जून १९४३ रोजी लँडस्टायनर यांचे निधन झाले. दोनच दिवस आधी प्रयोगशाळेत काम करतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. या विकाराला आळा घालणारे अँटी-डी इंजेक्शन त्यांना पाहायला मिळाले नाही. ते १९६८ साली, नेमके त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, वापरात आले.

तेव्हा भगिनींनो, पतिपत्नींचा गट एकच असला तर काहीही बिघडत नाही. ए, बी, ओ हे गट वेगळे असले तर बाळाला क्वचित कावीळ होते. ती बहुधा सौम्य असते व उपचाराने बरी होते. पाहायचे ते सुनेचे आरएच. ते निगेटिव्ह असले तरी स्थळ मोडण्याचे कारण नाही. दिवस राहताच डॉक्टरांना सांगावे. सामान्यतः अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास, आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत, हे इंजेक्शन देतात. गर्भपात झाला तरीही डॉक्टरांना लगेच विचारावे. विरोधी द्रव्ये एकदा तयार झाली की इंजेक्शनाचा उपयोग होत नाही. म्हणून पहिल्याच खेपेला जागरूक राहावे. आपल्या शेजारी कोणाला दिवस गेले असतील, तर तिला एवढे जरूर विचारा.